नागपूरची रात्रीची आकाशवाणी

देशाच्या मध्यभागी वसलेल्या नागपूरहून १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचे प्रसारण सुरू झाले. प्रक्षेपकाची शक्ती १,००० किलोवॉट होती. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी उच्च वातावरणातून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. म्हणून प्रसारणासाठी रात्रीची वेळ निवडण्यात आली. रात्रपाळीचा कामगार असो वा शेताची राखण करणारा शेतकरी, साध्या रेडिओसंचावर दोघांनाही संगीत व बातम्या विनामूल्य मिळत. डिसेंबर २०१८ मधील निर्णयानुसार ही वाहिनी बंद झाली.

आता करमणूक मोबाइलवर आली आहे. निवडीला वाव वाढला. परंतु ज्याला डेटाचा खर्च परवडत नाही किंवा ज्याच्या गावी नेटवर्क पोहोचत नाही, तो श्रोता मागे राहतो. माध्यमांची प्रगती मोजताना त्याचाही विचार होणे अगत्याचे आहे.