मैत्री पक्की, हिशेब त्याहून पक्का



यंदाची तूर शेजारच्या शेतकरी कंपनीबरोबर एकत्र विकायची का, हा विषय येत्या सभेत आहे. गटात दोघा-तिघांनी सरळच विचारलं, "दोन्ही अध्यक्ष जुने मित्र आहेत, म्हणून हे चाललंय का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आजचा संदेश जरा मोठा आहे. सवडीने वाचा.

*आधी आणंदची गोष्ट*

गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात दूध खरेदीचा मक्ता पॉल्सन डेअरीकडे होता. भाव पडका मिळायचा. १९४६ मध्ये शेतकऱ्यांनी दूध घालणं बंद केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्वतःचा संघ नोंदवला. तोच आजचा अमूल. अध्यक्ष होते त्रिभुवनदास पटेल.

१९४९ मध्ये व्हर्गीस कुरियन सरकारी नोकरीत आणंदला आले. गावात मन रमेना, कधी एकदा सुटतो असं झालेलं. त्रिभुवनदास संघाची जुनी यंत्रं बिघडली की त्यांच्याकडे जायचे. कुरियन म्हणाले, डागडुजी पुरे, नवीन यंत्र घ्या. त्रिभुवनदासांनी ऐकलं. पुढे कुरियन नोकरी सोडून निघाले, तेव्हा त्रिभुवनदासांनीच त्यांना थांबवून घेतलं. कुरियन यांनी मग अमेरिकेत शिकताना मित्र झालेल्या एच. एम. दलाया यांना बोलावलं. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. दलायांनी ती करून दाखवली. १९५५ मध्ये पावडरीचा कारखाना सुरू झाला.

*यातून काय घ्यायचं?*

१) *कामं वाटलेली होती.* गावं आणि शेतकरी सांभाळायचे त्रिभुवनदासांनी, कारभार आणि विक्री कुरियन यांनी, यंत्रं दलायांनी. एकमेकांच्या कामात लुडबूड नव्हती.

२) *विश्वास कामातून आला.* आधी छोटं काम झालं, मग मोठी जबाबदारी दिली.

३) *शेतकऱ्याचा हिशेब मैत्रीवर सोडला नाही.* गावच्या संस्थेत दूध सभासदासमोर मोजायचं, फॅट तपासायची, त्यावर पैसे द्यायचे. म्हणून सत्तरच्या दशकात त्रिभुवनदास अध्यक्षपदावरून बाजूला झाले तरी संघ चालतच राहिला.

*आपल्याकडे नातं कुठे उपयोगी?*

भाव अचानक पडला, ट्रक अडकला, व्यापाऱ्याने शब्द फिरवला, तर रात्री दहाला फोन उचलणारा माणूस लागतो. ते करारात लिहिता येत नाही. ओळख असली की चूक लवकर कळते आणि भांडण वाढायच्या आत मिटतं. म्हणून दोन्हीकडच्या संचालकांनी एकमेकांच्या गोदामात जावं, शिवारात फिरावं, चहा प्यावा. हा वेळ वाया जात नाही.

*आणि घात कुठे होतो?*

"मित्राकडे हिशेब कसा मागायचा?" इथे. पहिल्या वर्षी संकोच, दुसऱ्या वर्षी संशय, तिसऱ्या वर्षी दोन गावांत बोलणं बंद. मैत्री जाते आणि धंदाही जातो. शिवाय संचालक कायमचे नसतात. उद्या दुसरे अध्यक्ष आले, तर त्यांची मैत्री नसेल. तेव्हा कागदच कामाला येणार.

*म्हणून सभेत हे पाच प्रश्न विचारा* ✅

▪️ माल कुणाच्या काट्यावर मोजणार? वजनाची पावती सभासदाला मिळणार का?
▪️ ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर कपात किती, आणि तपासणी कुणासमोर?
▪️ बारदाना, हमाली, वाहतुकीचा खर्च दोन कंपन्यांत कसा वाटणार?
▪️ विक्रीचे पैसे कोणत्या खात्यात येणार आणि किती दिवसांत आपल्याला मिळणार?
▪️ वाद झाला तर निवाडा कोण करणार? मधेच बाहेर पडायचं असेल तर कसं?

कुणा संचालकाचं समोरच्या कंपनीत नातं किंवा व्यवहार असेल, तर त्यांनी तो सभेत आधी सांगावा. यात कमीपणा नाही. कंपनी कायदाही तसाच सावध आहे: उत्पादक कंपनीला संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचं तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते.

आमचं म्हणणं एवढंच: पहिल्या वर्षी सगळी तूर नको, एक-दोन ट्रक एकत्र पाठवू. हिशेब दोन्हीकडच्या सभासदांसमोर मांडू. जमलं तर पुढच्या हंगामात वाढवू. पण ठरवायचं तुम्ही. अध्यक्ष असो की साधा सभासद, मत एकच.

सभेला नक्की या, घरातल्या महिला सभासदांनाही घेऊन या. शंका असेल तर आपल्या गटप्रमुखांना विचारा किंवा ऑफिसात या. 🌱