मराठी-उर्दू फलकांसाठी मुंबईचा ‘बलू भाईजान’

शहापूर असो की भंडारा, शाळेचा जलसा किंवा रक्तदान शिबिर म्हटले की आपल्याला मराठी आणि उर्दू दोन्हीत फलक लागतो. मराठी सहज होते, उर्दूचे मात्र हाल होतात. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि शब्दातल्या जागेप्रमाणे हर्फाचा आकार बदलतो. संगणकात ती सोय नसली की हर्फ सुटे पडतात, ओळ उलटी होते. मग उर्दू कोपऱ्यात बारीक चित्र म्हणून चिकटवली जाते.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने यावर चांगली वाट काढली आहे. त्यांच्या ‘बलू’ या जाड, गोलसर फॉन्टची भावंडे अनेक लिप्यांत आहेत: गुजरातीत ‘भाई’, गुरुमुखीत ‘पाजी’, बंगालीत ‘दा’, तमिळमध्ये ‘थंबी’ आणि उर्दूत ‘भाईजान’. मराठी-उर्दू शीर्षके शेजारी ठेवली तर एकाच घरातली वाटतात. हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. छपाईलाही पैसे लागत नाहीत. समाजासाठी केलेले काम ते हेच.

एक लक्षात ठेवा, ‘भाईजान’ नस्तालीक नाही. आपल्या मुलांची नजर नस्तालीकलाच सरावलेली असते. म्हणून शीर्षक ‘भाईजान’मध्ये आणि खालचा मजकूर ‘नोटो नस्तालीक उर्दू’त ठेवावा, तोही मोफत आहे. छापण्याआधी उर्दू जाणणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या.

उर्दू फलकावर मराठीइतकीच ठळक दिसली, तर ती शिकणाऱ्या मुलालाही आपली भाषा कोपऱ्यातली वाटणार नाही, असे आम्हा शिक्षकांना वाटते.