आधी झाकण शोधा

डोंगरावर चहा क्वचितच बिघडतो. कॉफी हमखास बिघडते. मुक्कामाच्या गटातला एखादा हौशी कॉफीची पुडी काढतो. पातेल्यात पाणी, दूध पावडर, साखर आणि कॉफी एकदमच पडतात, आणि ‘चांगली कडक होऊ दे’ म्हणत सगळा ऐवज पाच-सात मिनिटं खळखळत राहतो. पहिल्या घोटाला तोंडं वाकडी होतात. मग दोष कधी उंचीवर जातो, कधी टाक्यातल्या पाण्यावर, कधी कॉफीच्या ब्रँडवर. यातल्या उंचीचं वकीलपत्र मी आधी घेतो, कारण सह्याद्रीत तरी ती निर्दोष आहे.

समुद्रसपाटीला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब घटतो आणि साधारण दर 300 मीटरला हा आकडा एका अंशाने उतरतो. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण. तिथे पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. लोहगड त्याहून ठेंगणा, तिथे साडेशहाण्णव. आता कॉफीच्या व्यवसायातले जाणकार चांगल्या कॉफीसाठी किती तापलेलं पाणी घ्या म्हणतात? 90 ते 96 अंश. म्हणजे मुंबईत उकळी आल्यावर क्षणभर थांबावं लागतं, कळसूबाईवर तेवढंही नाही. डोंगराने तापमान आयतंच जुळवून दिलेलं असतं.

बिघडतं ते पुढच्या पाच-सात मिनिटांत. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी जेमतेम 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. बाकीचा चोथा, लाकडासारखा तंतुमय. पण तो 30 टक्केही सगळा काढून घ्यायचा नसतो. एमआयटीमधून पुढे आलेले रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी 1950 च्या दशकात अमेरिकेत कॉफीचा जो प्रसिद्ध तक्ता मांडला, त्यात 18 ते 22 टक्के अर्क उतरलेली कॉफी सर्वांत जमलेली धरली आहे. कॉफीचे सगळे घटक पाण्यात एकाच वेगाने उतरत नाहीत. आम्लं, फळांसारखा वास देणारे छोटे रेणू आणि कॅफीन लवकर येतात. त्यांच्यामागून गोडसर, खरपूस चवी येतात. कडू आणि तुरट संयुगं रेंगाळत सर्वांत शेवटी उतरतात. लवकर गाळली तर कॉफी आंबट लागते, फार ताणली तर कडवट. खळखळून उकळणं म्हणजे ही शेवटची मंडळी जबरदस्तीने बाहेर ओढणं. शिवाय सुगंधी घटक हलके, वाफेबरोबर उडून जाणारे. गडभर घमघमाट सुटला की सगळे खूश होतात. पण तो घमघमाट म्हणजे कपातून वजा झालेली कॉफी. सीटीसी चहा, आलं आणि दूध यांना उकळणं मानवतं, कॉफीला नाही.

म्हणून डोंगरावर कॉफीसाठी महत्त्वाचं उपकरण एकच: पातेल्याला नीट बसणारं झाकण. थोडा हिशोब करू. अर्धा लिटर पाणी 25 अंशांवरून 95 अंशांवर न्यायला सुमारे 146 किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी बिनझाकणाचं उकळत ठेवलं आणि त्यातलं 100 मिलिलिटर वाफ होऊन गेलं, तर त्या वाफेने जवळपास 226 किलोज्यूल नेले. पाणी तापवायला लागला त्याच्या दीडपट गॅस नुसता आकाशात गेला. त्यात धारेवरचा वारा आला की ज्योत पातेल्याच्या बुडाऐवजी बाजूला पळते. सॅकच्या आडोशाला, पण सॅकपासून हातभर लांब बर्नर ठेवावा आणि झाकण घालावं. महागडा स्टोव्ह घेण्याआधी हे करून पाहावं.

कृती सोपी आहे. अर्धा लिटर पाण्याला 30 ग्रॅम कॉफी हे प्रमाण. डोंगरावर काटा कुठून आणणार, म्हणून घरीच वजन करून पुड्या बांधाव्यात. टाक्यातलं पाणी असेल तर ते मिनिटभर खळखळून उकळू द्यावं. जंतूंचा बंदोबस्त इथेच होतो. मग बर्नर बंद. कॉफी टाकायची ती आता, आच गेल्यावर. सगळी पूड भिजेल इतकं ढवळावं. पूड ताजी असेल तर वर फेसाचा थर फुगून येतो. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड गरम पाणी लागताच सुटतो, त्याचा हा फेस. फेस आलाच नाही तर पूड शिळी आहे, हेही लगेच कळतं. झाकण घालून चार मिनिटं मुरू द्यावी. वरची साय चमच्याने मोडावी, पुन्हा झाकण, आणखी चार-पाच मिनिटं. साय मोडली की कणांत अडकलेला वायू निघून जातो आणि कण तळाशी बसतात. वरून थंड पाण्याचा एक शिपका मारला तर गाळ लवकर बसतो. मग न हिंदकळवता कपात ओतावी आणि तळाचा बोटभर भाग पातेल्यातच राहू द्यावा.

पातेल्यात कॉफी मुरवणं हे काही अमेरिकी गुराख्यांचंच तंत्र नव्हे. स्वीडनमध्ये अशा पातेल्यातल्या कॉफीसाठी मुद्दाम जाडसर दळलेली पूड दुकानात वेगळी मिळते. आणि हे तंत्र क्षमाशील आहे. फिल्टरमध्ये चोथ्यावर सतत नवं, कोरं पाणी पडत राहतं. मुरवताना तेच पाणी असतं, त्यात अर्क वाढत जातो, वर ते थंडही होत जातं, त्यामुळे विरघळण्याचा वेग आपोआप मंदावतो. कुणी सूर्योदयाचे फोटो काढत बसलं आणि कॉफी पाच मिनिटं जास्त राहिली तरी फार बिघडत नाही. अर्थात झाकण नसेल तर डिसेंबरच्या पहाटे उघडं स्टीलचं पातेलं इतक्या झपाट्याने निवतं की अर्क अर्ध्यावरच अडतो आणि कॉफी आंबट, पाणचट होते. झाकणावर कानटोपी घातली तरी हसू नये.

सॅकमध्ये जागा असेल तर एरोप्रेस न्यावा. उडत्या तबकड्यांची खेळणी बनवणाऱ्या अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनी 2005 मध्ये बाजारात आणलेली ही प्लॅस्टिकची नळी हलकी आहे, फुटत नाही आणि धुवायला पाणी कमी लागतं. वाफेच्या दाबावर चालणारा इटालियन मोका पॉट 1933 पासूनचा, दिसायला देखणा. पण डोंगरावर तो मला नको. छोट्या पॉटमध्ये एकावेळी एक-दोघांचीच सोय होते आणि बाकीचे तोंडाकडे बघत बसतात.

खरा फरक पडतो तो दळणाने. पातेल्यातल्या कॉफीला जाड्या रव्याइतकी भरड हवी. घरच्या मिक्सरमध्ये पातं दाण्याला दळत नाही, फोडतं. त्यामुळे एकाच पुडीत पिठासारखी धूळ आणि अर्धे तुकडे दोन्ही सापडतात. धूळ क्षणात कडू होते, तुकडे अर्धकच्चे राहतात, आणि कपात एकाच वेळी आंबट आणि कडू अशी विचित्र जोडी उतरते. मिक्सरच वापरायचा तर थांबत थांबत फिरवावा आणि मैद्याच्या चाळणीतून धूळ काढून टाकावी. त्याहून चांगली हाताने फिरवायची छोटी चक्की. दळलं की पृष्ठभाग कैकपटीने वाढतो, हवेतला प्राणवायू तेलांना गाठतो आणि सुगंध उडू लागतो. म्हणून दाणे न्यावेत आणि वर दळावेत. पहाटे थंडीत चक्की फिरवायला गटात कुणी ना कुणी तयार असतंच, हाताला ऊब येते.

दाणे कुठले, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. बाबा बुडान यांनी येमेनमधून सात बिया आणून लावल्याची कथा सांगतात ते चिकमगळूरचे डोंगर याच सह्याद्रीच्या रांगेतले. मेळघाटात चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते. एकच सावधगिरी: दक्षिणी फिल्टरसाठीची बारीक, चिकोरी घातलेली पूड पातेल्यात टाकू नये, चिखल होतो. चिकोरी हे एक मूळ. त्यात कॅफीन नसतं, पण पाण्यात उतरणारा भाग कॉफीहून बराच जास्त असतो, म्हणून रंग गडद येतो. ही पूड आवडत असेल तर घरीच घट्ट डिकॉक्शन पाडून बाटलीत न्यावं. तयार गरम कॉफी थर्मासमध्ये भरून नेणं मात्र टाळावं. काही तासांत तिच्यातल्या काही संयुगांची पाण्याशी विक्रिया होऊन क्विनिक आम्ल वाढतं आणि ती आंबूस, घशाला टोचणारी होते.

पाण्याचं काय? ख्रिस्तोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात केलेला संगणकीय अभ्यास 2014 मध्ये आला. पाण्यातले मॅग्नेशियमचे आयन कॉफीच्या चवीच्या रेणूंना चांगले धरतात, तर बायकार्बोनेट तिची आम्लं मारून चव सपाट करतं, असा त्याचा रोख. गडांवरच्या टाक्यांत बहुतांश पावसाचंच पाणी साठलेलं असतं, म्हणून ते मृदू. पायथ्याच्या गावातलं विहिरीचं पाणी बसाल्ट खडकातून झिरपलेलं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट तिन्ही जास्त. एकाच कॉफीची चव खाली बोथट आणि वर चुरचुरीत लागली तर कारण हे असू शकतं. क्लोरीनची गोळी टाकलेलं पाणी कॉफीला वापरूच नये. उकळायचंच आहे, मग गोळी कशाला?

दुधाशिवाय कॉफी नको असणाऱ्यांवर मी नाक मुरडत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन कॉफीतल्या तुरट संयुगांना बांधून ठेवतं, त्यामुळे ती खरोखरच सौम्य लागते. फक्त दूध कॉफीबरोबर उकळू नये. अर्ध्या लिटरला 40 ग्रॅम घेऊन कॉफी दाट करावी आणि वेगळं तापवलेलं दूध वरून घालावं. आपल्याकडच्या कॉफीतलं जायफळ न्यायला विसरू नये. त्याची तेलंही उडून जाणारीच, म्हणून ते कप भरल्यावर किसावं. ‘कॉफीने शरीरातलं पाणी कमी होतं’ म्हणून कुणी अडवलं तर त्याला सांगावं की बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या 2014 मधल्या एका अभ्यासात नेहमी कॉफी पिणाऱ्या 50 पुरुषांनी दिवसाला चार कप कॉफी घेऊनही त्यांच्या शरीरातल्या पाण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. झोपेचं म्हणाल तर ती तक्रार खरी आहे; कॅफीनचा निम्मा भाग शरीरात पाचेक तास टिकतो.

राहिलेला चोथा टाक्याच्या काठावर झटकला तर पुढच्या माणसाचं पिण्याचं पाणी जातं. तो पिळून पिशवीत बांधला तर मूठभरच होतो. खाली आणून घरच्या कुंडीत जातो.

हिमालयात मात्र उंचीचं वकीलपत्र मला परत करावं लागेल. लेहला, 3500 मीटरवर, पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर, 5364 मीटरवर, जेमतेम 82-83 अंशांना. कितीही गॅस जाळा, उघड्या पातेल्यातलं पाणी त्याहून गरम होणार नाही. तिथे दळण जाड्या रव्यावरून बारीक रव्यावर आणावं, मुरायचा वेळ दीडपट करावा आणि जास्त भाजलेले दाणे घ्यावेत. ते अधिक सच्छिद्र असल्याने कमी तापमानालाही अर्क सोडतात. दुसरी अडचण गॅसची. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे त्याहून थंडीत तो सिलिंडरमध्ये द्रवच राहतो आणि बर्नर मिणमिणतो. म्हणून थंडीच्या सिलिंडरांत आयसोब्युटेन आणि उणे 42 अंशांना उकळणारा प्रोपेन मिसळतात. पण प्रोपेन आधी जळून जातो, आणि पहिल्या दिवशी जोरात चाललेला सिलिंडर निम्मा भरलेला असूनही तिसऱ्या पहाटे रुसतो. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं. सकाळी ताटलीत हाताला सोसेल इतकं कोमट पाणी घेऊन त्यात उभा करावा, त्याहून गरम नको. थर्मासमधलं तेवढं पाणी रात्रीच राखून ठेवावं, नाहीतर कुणीतरी ते आधीच पिऊन टाकतं.