घरी एक, शाळेत दुसरंच: मुलांचं वागणं समजून घेताना

"घरी तो असा वागतच नाही," आई म्हणते. "वर्गात एक मिनिट बसत नाही," बाई म्हणतात. बदलापूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना ही तक्रार सतत कानावर येते. मग खोटं कोण बोलतंय यावरच वाद होतो. बहुतेक वेळा कुणीच खोटं बोलत नसतं.

१९८७ साली थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पालक आणि शिक्षक अशा मुलाला वेगवेगळ्या ठिकाणी पाहणाऱ्यांच्या मतांतला सहसंबंध सरासरी फक्त ०.२८ निघाला. एकाच ठिकाणी पाहणाऱ्यांत, म्हणजे आई आणि वडिलांत, तो ०.६० होता. जागा बदलली की मूलही बदलतं.

म्हणून हा फरकच आपल्याला काहीतरी सांगत असतो. त्रास फक्त शाळेत दिसत असेल तर फळा नीट दिसतो का, ऐकू येतं का, वाचता येतं का, कुणी चिडवतं का, हे आधी पाहावं. (आडनाव आणि वस्ती कळल्यावर 'ही मुलं अशीच' म्हणणारेही भेटतात. तो शिक्का झाला, निरीक्षण नव्हे.) फक्त घरी दिसत असेल तर आपण 'हट्टी झालाय', 'नजर लागली' म्हणून मोकळे होतो. पण शाळेत दाबलेली भीती अनेकदा घरीच बाहेर पडते.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच शहरात, शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं ते घरी. एकीने दुखत असल्याचं सांगितलं, दुसरी शाळेत जायला घाबरू लागली होती. गुन्हा नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्या 'शाळेत जायचं नाही'ला नुसता हट्ट समजलं असतं तर?

असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'आधी आम्ही चौकशी करतो' ही शाळेची सबब चालत नाही. आणि वागणं बिघडलं म्हणून मारणं किंवा मानसिक छळ करणं, याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे.

विहारातल्या अभ्यासिकेत शिकवणारे तरुण मुलाला तिसऱ्याच जागी पाहतात. वागणं केव्हापासून बदललं, कोणत्या दिवशी, कोण समोर असताना, एवढं वहीत लिहून ठेवा. ती वही घेऊन पालक आणि शिक्षकांना एकत्र बसवा. धोका वाटला तर बैठकीची वाट पाहू नका, १०९८ ला फोन करा.