सोळा माणसांवरचा चमत्कार

एप्रिल २०१२. अमेरिकी टीव्हीवर डॉ. मेहमेट ओझ यांनी न भाजलेल्या हिरव्या कॉफीबियांच्या अर्काची ओळख करून दिली. वजन घटवणारी जादूची बी, असे तिचे वर्णन झाले आणि गोळ्यांचा खप भराभर वाढला.

सांगणारा कोणी भोंदू नव्हता. ओझ हे तेव्हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले हृदयशल्यविशारद होते. छाती न उघडता हृदयाच्या झडपेची गळती रोखणाऱ्या ‘मिट्राक्लिप’शी निगडित पेटंटही त्यांच्या नावावर आहे. म्हणूनच लोकांनी विश्वास ठेवला, आणि म्हणूनच हे प्रकरण गंभीर आहे.

त्या जादूमागचा अभ्यास भारतात झाला होता, अवघ्या १६ जणांवर. २२ आठवड्यांत वजन सरासरी आठ किलोने उतरल्याचा दावा होता. खर्च केला होता अर्क विकणाऱ्या टेक्सासमधल्या कंपनीने. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खोदकाम केले. वजनाच्या नोंदी पुन्हापुन्हा बदललेल्या होत्या, चाचणीचा कालावधीही बदलला होता. अर्क कोणाला दिला आणि अर्क नसलेली गोळी कोणाला, याचाही मेळ नव्हता. सप्टेंबर २०१४मध्ये कंपनीने ३५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. पुढच्या महिन्यात शोधनिबंध मागे घेण्यात आला. गोळ्या मात्र तोवर लोकांच्या पोटात गेल्या होत्या.

त्याच वर्षी जूनमध्ये सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी ओझ यांना समितीपुढे चांगलेच धारेवर धरले. आपण सुचवलेल्या अनेक गोष्टी शास्त्रीय पुराव्याच्या कसोटीवर उतरणार नाहीत, हे त्यांनी तिथे मान्य केले. प्रेक्षकांना उमेद देणे हे आपले काम आहे, असा त्यांचा बचाव होता. पण उमेद देणे वेगळे आणि पुरावा आहे असे भासवणे वेगळे. शल्यगृहात कमावलेला विश्वास इथे गोळीच्या डबीवर खर्च झाला.

डिसेंबर २०१४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने कॅनडातील संशोधकांचा अभ्यास छापला; त्यांनी ओझ यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या ४० भागांतले सल्ले तपासले होते. ४६ टक्के सल्ल्यांना पुराव्याचा आधार मिळाला, १५ टक्के पुराव्याच्या विरुद्ध गेले, उरलेल्या ३९ टक्क्यांबाबत पुरावाच सापडला नाही. म्हणजे विज्ञान आणि छद्मविज्ञान यांच्यातली रेघ दोन माणसांच्या मधून जात नाही. ती एकाच डॉक्टरच्या एकाच तासातून जाते. निम्मे सल्ले खरे असल्यामुळेच बाकीचे खपून जातात. तेव्हा पडद्यावर पांढरा कोट दिसला, की त्या माणसाची पदवी पाहून थांबू नये. अभ्यास किती जणांवर झाला, पैसे कोणाचे होते आणि दुसऱ्या कोणी तो पडताळला का, एवढे जरूर विचारावे.

२०१५मध्ये दहा डॉक्टरांनी ओझ यांना अध्यापकपदावरून काढण्याची मागणी कोलंबियाकडे केली. विद्यापीठाने अध्यापकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा दाखला देत ती मान्य केली नाही. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेच्या सिनेटने ५३ विरुद्ध ४५ मतांनी ओझ यांच्या नव्या नेमणुकीला मंजुरी दिली. वृद्धांसाठीची मेडिकेअर आणि गरिबांसाठीची मेडिकेड या योजना सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचे ते प्रमुख झाले.