काळी माती आणि श्वानाचे पंजे

काळभैरवाचे वाहन म्हणून आमच्या उज्जैनीत श्वानाला मान आहे. परंतु ल्हासा वा पॉमेरेनियन पाळणाऱ्यांचे कौतुक पाठीवरच्या केसांपाशीच थांबते. पंजाखाली कोणी डोकावत नाही. माळव्याची काळी माती मात्र नेमकी तेथेच बसते. ओली असता ती बोटांमधील केसांना चिकटते, वाळली की खड्यासारखी टणक होते आणि चालताना मांसात रुतते. पावसाळा सरला की कुसळांची भर पडते. कुसळाचे बारीक काटे उलट्या दिशेचे. ते पुढे सरकते, मागे येत नाही. केसांत अडकलेले कुसळ एकदा कातडीत शिरले की पू धरतो, आणि मग पशुवैद्याखेरीज गत्यंतर नसते.

आम्ही दर पंधरवड्यास पंजे पाहतो. माती ओढून काढू नये, कोमट पाण्यात भिजवून सोडवावी आणि पंजा पूर्ण कोरडा करावा. मग बोथट टोकाच्या कात्रीने तळव्याच्या गादीबाहेर आलेले केस तेवढे कापावेत. बोटांच्या बेचक्यात कात्री खोल घालण्याचे धाडस आम्हांस मान्य नाही. तेथे बोटांनी चाचपावे. गोचीडही तेथेच लपते. केसांनी गादी झाकली की कोटा फरशीवर म्हातारे कुत्रे घसरते, आणि दोष मात्र वयाला दिला जातो! नखात जिवंत शीर असते, म्हणून केवळ टोक कापावे. रक्त आलेच तर तुरटीची पूड दाबून धरावी. आतल्या बाजूचे अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. केसांआड ते वळत वळत मांसात शिरते, तेव्हा ते आधी पाहावे.