चढताना दम, उतरताना गुडघा

चैत्रात वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेली माणसं धुळे-मालेगाव रस्त्याला दिसायला लागली की मला आमच्या आत्याचा उजवा गुडघा आठवतो. अमळनेरची आत्या कित्येक वर्षं या वारीला गेली. मैलोन्‌मैल चालण्याबद्दल तिची कधी तक्रार नव्हती. तक्रार होती ती सप्तशृंगीच्या पाचशेच्या आसपास असलेल्या पायऱ्यांची, आणि तीही एकाच दिशेच्या. "चढाले काही नही, उतराले जीव जास," असं ती म्हणायची. आम्ही हसायचो. चढायला त्रास व्हायला हवा, उतरणं तर फुकटचं, असा आमचा शहाणपणाचा हिशेब.

आत्याचं बरोबर होतं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्याच्या आतच भार मोजणारी यंत्रणा बसवली आणि माणसं चालत, उठत-बसत असताना सांध्यावर प्रत्यक्ष किती जोर येतो ते टिपलं. २०१० साली त्यांनी पाच जणांची मोजमापं प्रसिद्ध केली. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २६१ टक्क्यांपर्यंत भार येतो, जिना चढताना ३१६ टक्के आणि उतरताना ३४६ टक्के. म्हणजे साठ किलोची बाई जिना उतरते तेव्हा प्रत्येक पावलाला एका गुडघ्यावर दोनशे किलोंहून जास्त दाब. गडावरून खाली येईपर्यंत हे प्रत्येक गुडघ्याच्या वाट्याला अडीचशे वेळा.

वजन साठ आणि भार दोनशे, हे कसं? मांडवाचा खांब बघा. त्याच्यावर नुसतं कापडाचं वजन नसतं. चारी बाजूंनी ताणून बांधलेले दोरही त्याला खालीच दाबत असतात. गुडघ्याचे दोर म्हणजे मांडीचे आणि पोटरीचे स्नायू. सांधा कोलमडू नये म्हणून ते जितके ताणतील तितकी हाडं एकमेकांवर आवळली जातात.

उतरताना हा ताण वाढतो, कारण तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. कन्नड घाट चढताना ट्रकचं इंजिन तापतं, उतरताना ब्रेक तापतात, तसंच. खालच्या पायरीवर एक पाय टेकेपर्यंत वरच्या पायाचा गुडघा सावकाश वाकत राहतो, सगळं अंग त्याच्यावर तोललेलं असतं आणि मांडीचा स्नायू लांबत लांबत ते खाली सोडत असतो. त्या स्नायूचा दोर गुडघ्याच्या वाटीवरून जातो, विहिरीच्या कप्पीवरून जावा तसा. गुडघा वाकलेला असताना दोर ताणला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. ज्याची तिथली कूर्चा, म्हणजे हाडांवरचं गुळगुळीत आवरण, झिजली आहे त्याला कळ येते ती इथे. म्हणूनच फिजिओथेरपीवाले सांगतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उतरताना ब्रेक लावायचा असतो तो मागे, वर राहिलेल्या पायाला. ते काम चांगल्या पायाकडे द्यायचं. गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. माझं मत विचाराल तर दुखऱ्या गुडघ्याने वर पायऱ्यांनी जावं आणि खाली ट्रॉलीने यावं. लोक नेमकं उलटं करतात.

सपाटीवर चालण्याची गंमत वेगळी आहे. एक पाय हवेत असताना अंगाचा तोल टेकलेल्या पायाच्या आतल्या बाजूला असतो. त्यामुळे गुडघा बाहेर ढकलला जातो आणि भाराचा मोठा वाटा सांध्याच्या आतल्या कप्प्यावर पडतो. निम्म्याहून बराच जास्त. झीज बहुतेकदा तिथेच सुरू होते. आतली बाजू झिजली की पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो, वाकला की आतल्या कप्प्यावरचा भार आणखी वाढतो, आणि त्याने झीज आणखी. भुसावळ स्टेशनवर गाडीतून उतरणाऱ्या वयस्कर बायकांची चाल पाहिली तर त्यातल्या काही दर पावलाला दुखऱ्या पायाच्या बाजूला झुकतात. बदकासारखी चालते म्हणून नातवंडं चिडवतात. पण त्या झुकण्याने अंगाचा भार दुखऱ्या गुडघ्याच्या डोक्यावर सरकतो आणि आतला कप्पा थोडा मोकळा होतो. कोणी न शिकवता शरीराने काढलेली ती युक्ती आहे.

सगळ्याच युक्त्या अशा फायद्याच्या नसतात. निरोगी गुडघा टाच टेकल्यावर जरासा वाकतो आणि धक्का पिऊन टाकतो. दुखणारा माणूस भीतीने पुढचे-मागचे स्नायू एकदम आवळून गुडघा ताठ ठेवतो. सांधा डगमगत नाही हे खरं, पण मांडवाचे सगळे दोर एकाच वेळी ओढल्यासारखं होतं आणि खांबावरचा दाब वाढतो.

आता जमिनीवर येऊ, कारण खान्देशातल्या बायकांचं निम्मं आयुष्य जमिनीलगतच गेलंय. पाटावर बसून स्वयंपाक, उकिडवं बसून भांडी, भुईमुगाच्या वावरात पाथ धरून तासन्‌तास निंदणी. खापरावर मांडे करताना आत्या एक गुडघा उभा, एक मोडलेला अशी बसायची आणि मांडा हातावर झुलवत मोठा करायची. हात इतके हलके चालायचे की खाली मुडपलेल्या त्या पायाकडे कोणाचं लक्षच जात नसे. चालताना गुडघा साठेक अंश वाकतो, खुर्चीत नव्वदच्या आसपास, उकिडवं बसताना एकशेतीसच्या पुढे. उकिडवं बसणं वाईटच, असं मात्र म्हणता येत नाही. पार खाली गेल्यावर मांडी पोटरीवर टेकते आणि काही भार तीच उचलते. खरी कसोटी असते खाली जाताना आणि उठताना.

पण वर्षानुवर्षं तासन्‌तास बसण्याची किंमत असावी, असं बीजिंगच्या म्हाताऱ्यांच्या पाहणीतून दिसलं. तरुणपणी दिवसाचा बराच वेळ उकिडवं बसलेल्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त आढळली. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या बायकांपेक्षा बीजिंगच्या बायकांचे गुडघे जास्त झिजलेले होते, आणि त्या तर अंगाने बारीक. लठ्ठपणावर सगळं खापर फोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

जमिनीवरून उठणं अवघड म्हणून घरोघरी आजीला बाजेवर बसवतात. झोळ पडलेल्या बाजेत कंबर गुडघ्यांच्या खाली जाते. बसायला सुखाचं, उठायला पाटाइतकंच कष्टाचं. सुंभ ताणून घ्या किंवा उंच, टणक खुर्ची द्या. बैठक चार बोटं वर आली तरी उठताना गुडघा कमी वाकतो आणि मांडीला कमी ओढावं लागतं.

दवाखान्यातून बाहेर पडणारे लोक सांगतात, "गॅप कमी झालाय." एक्स-रेत हाडांमध्ये दिसणारी ती काळी फट रिकामी नसते. तिथे कूर्चा असते, ती एक्स-रेत उमटत नाही इतकंच. ती फट नीट कळावी म्हणून फोटो उभं राहून काढलेला बरा; झोपून काढला तर हाडं दाबली जात नाहीत आणि फट खोटी मोठी दिसते. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. स्पंज दाबून सोडावा तशी ती सांध्यातल्या वंगणातून पोषण ओढून घेते. म्हणजे गुडघा दुखतो म्हणून महिनाभर पडून राहिलं तर कूर्चा उपाशी आणि मांडीचा ब्रेक ढिला, असं दुहेरी नुकसान.

दुसरा शब्द "वाट्या बदलल्या". पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींवर ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी डावा गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया केली, पुढच्या वर्षी उजव्याची. तेव्हापासून हा विषय पारावर आला. खरं तर बदलतात ती वाटी नव्हे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूचं आवरण चढवतात आणि मधे प्लास्टिकची चकती बसवतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने या सांध्यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमचा नेहमीचा सांधा करांशिवाय ५४,७२० रुपयांवर आला.

शस्त्रक्रियेची वेळ येईपर्यंत करण्यासारखं पुष्कळ असतं. जाड आणि गुडघ्यांनी त्रस्त अशा वयस्कांचा अमेरिकेत अभ्यास झाला. २००५ च्या त्या अभ्यासात एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, असं दिसलं. मांडीचा ब्रेक घट्ट राहावा म्हणून खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा, मांडी आवळून पाच-दहा आकडे मोजायचे, सोडायचा. टीव्हीसमोर बसल्या बसल्या जमतं.

आणि काठी. आत्या दुखऱ्या उजव्या पायाच्याच बाजूला, उजव्या हातात काठी धरायची. जवळजवळ सगळेच तसं करतात. धरायला हवी उलट्या हातात. उजवा पाय टेकतो तेव्हा अंग डावीकडे ओढलं जातं. डाव्या हातातली काठी तिथेच आधार देते आणि उजव्या गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावरचा भार उतरतो. शिवाय चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातोच.

मी हे सगळं आत्याला दहा मिनिटं समजावलं, अंगणात चालूनही दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, डाव्या हातात काठी धरली तर पदर कोणत्या हाताने सावरायचा? मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध आणायला निघाली तेव्हा पदर कमरेला खोचलेला होता, आणि काठी डाव्या हातात.